कॅमेरा कुणाच्या हातात होता?

दुसऱ्या महायुद्धावरची कुठलीही डॉक्युमेंटरी लावा, पोलंडमधल्या वॉर्सा घेटोची, म्हणजे नाझींनी ज्यूंना भिंतीआड कोंडलेल्या वस्तीची, तीच ती दृश्यं येतात. फुटपाथवर पडलेलं पोर, हातगाडीवरची प्रेतं, गर्दीतून कॅमेऱ्याकडे वळून बघणारी बाई. मागे व्हायोलिन, वर निवेदकाचा जड आवाज. ही दृश्यं टिपली कुणी, हे मात्र फार थोड्या फिल्म सांगतात.

जर्मनांनी टिपली. मे १९४२ मध्ये नाझींचं एक कॅमेरा पथक घेटोत शूटिंग करत होतं. त्यातून तासाभराचा कच्चा कट झाला, ध्वनीशिवायचा. युद्धानंतर तो पूर्व जर्मनीत सापडला आणि घेटोचं अस्सल चित्रण म्हणून वर्षानुवर्षं जगभर तुकड्यातुकड्यांनी वापरला गेला. मग १९९८ मध्ये आणखी एक रीळ हाती लागलं. त्यात टाकून दिलेले टेक होते. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घेतलेला, मध्येच चुकून फ्रेममध्ये शिरलेला दुसरा कॅमेरामन. याएल हर्सोन्स्की यांची 'अ फिल्म अनफिनिश्ड' (२०१०) या सगळ्याचा माग काढते. मिळेल तिथे बघाच.

त्या फिल्मइतकीच महत्त्वाची आहे अ‍ॅडम चेर्नियाकुव्हची डायरी. हा घेटोतल्या ज्यू कौन्सिलचा अध्यक्ष, म्हणजे वरून जर्मनांचे हुकूम आणि खालून चार लाखांवर माणसांचे शाप. शूटिंगवाले त्याच्या ऑफिसात आले. अर्जदार आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) आत येतायत असा प्रसंग बसवला. भिंतीवरची चित्रं नि तक्ते उतरवले आणि टेबलावर नऊ मेणबत्त्यांचा दिवा पेटवून ठेवला. 'ज्यू' दिसला पाहिजे ना! चेर्नियाकुव्हने हे कोरडेपणाने टिपून ठेवलंय. २२ जुलैला त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीकडे माणसं पाठवायला सुरुवात झाली, दुसऱ्या दिवशी त्याने विष घेतलं.

हर्सोन्स्कींनी घेटोतून जिवंत वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांना थिएटरच्या अंधारात बसवून ते फुटेज दाखवलं. पथकाने मुद्दाम दाखवलेल्या सुखवस्तू घरातल्या फुलदाणीचा शॉट येतो आणि एक आजी फटकन म्हणतात, फूल कुठलं आलंय तिथे, आम्ही खाऊन टाकलं असतं ते! मी तिथे फिल्म थांबवली.

आता एक अडचणीची गोष्ट. घेटोत पैसेवाले नव्हतेच, कॅफे नव्हतेच, असं नाही. होते. घेटोतच राहून तिथल्या नोंदी गुपचूप जमवणारा इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लुम आणि त्याच्या साथीदारांनी स्वतःच त्यावर कडवटपणे लिहिलंय आणि ते कागद पत्र्याच्या पेट्यांत, दुधाच्या कॅनमध्ये घालून पुरले. एक साठा १९४६ ला निघाला, दुसरा १९५० ला. म्हणजे विषमता नाझींनी शोधून काढलेली नव्हती. पण रिंगेलब्लुमची माणसं आपल्याच लोकांना जाब विचारत होती. नाझी पथकाला दाखवायचं होतं की बघा, हे श्रीमंत ज्यू आपल्याच माणसांची प्रेतं ओलांडून जेवायला जातात. आणि भिंत बांधून आत उपाशी ठेवणारा? तो फ्रेमच्या बाहेर.

पोलंडमधल्याच वूच शहरातल्या घेटोतही हेच. तिथला नाझी हिशेबनीस वॉल्टर गेनेवाइन रंगीत स्लाइड काढायचा, आणि त्याने आग्फा कंपनीला तक्रार केली होती की रंगांवर लालसर झाक येते! त्याच घेटोत हेन्रिक रॉस नावाचा ज्यू फोटोग्राफर, नोकरी कौन्सिलच्या ओळखपत्रांचे फोटो काढायची, चोरून बाकीचं टिपत होता. त्याने निगेटिव्ह जमिनीत पुरले आणि १९४५ मध्ये उकरून काढले. बरेचसे पाण्याने खराब झाले होते. त्याच्याही फोटोंत खातीपिती कुटुंबं आहेत, हसणारी पोरं आहेत. ते फोटो मात्र कित्येक वर्षं फारसे कुणी दाखवले नाहीत, कारण ज्यू संहाराच्या स्मृतिदिनाला ते शोभत नाहीत.

माझा राग इथे आहे. मारणाऱ्याने काढलेलं चित्र करुण दिसतं म्हणून बिनदिक्कत वापरायचं, आणि आत अडकलेल्याने जीव धोक्यात घालून काढलेलं पेटीत ठेवायचं. हल्ली तर तेच नाझी फुटेज रंगवून, पियानो लावून रील म्हणून फिरतंय. 'हृदयद्रावक' म्हणून पुढे पाठवणाऱ्यांत माझे चांगले वाचणारे मित्रही आहेत.

हे फुटेज वापरूच नये असं मी म्हणत नाही. त्यातले चेहरे खरे आहेत, आणि कित्येकांचं दुसरं चित्र कुठेच उरलेलं नाही. पण एडिटिंग करणाऱ्या मित्रांनो, मला खरंच सांगा: कोपऱ्यात 'चित्रीकरण : नाझी पथक, मे १९४२' एवढी एक पट्टी टाकायला काय अडचण असते?