सहा महिने काही करायला नको!

बाई खुर्चीत बसायच्या आधी त्यांचा फोन पुढे येतो. फोनवर एक फोटो. पाठभर केस, वर गडद, खाली येईतो राखाडी-सोनेरी. "अगदी असंच हवंय. आणि हो, एकदा केलं की सहा महिने काही करायला नको. मला अजिबात वेळ नसतो." ही दोन वाक्यं एका दमात बोलली जातात. त्यांचं एकमेकांशी उभं वैर आहे, ही बातमी फोडायचं काम आम्हा रंगवाल्यांच्या वाट्याला येतं.

फोटोतल्या मुलीचे केस बहुधा मुळातच फिके तपकिरी. समोर गोल दिवा, ब्लो-ड्राय नुकताच झालेला, आणि फोनने आपल्या परीने रंगात भर घातलेली. खुर्चीतल्या बाईंचे केस काळेभोर. त्यांना सकाळी दोन डबे, मग ८:१२ची लोकल, आणि न्हाणं फक्त बुधवारी नि रविवारी, तेही गीझरचं पाणी संपायच्या आत. रंग निवडताना विचार व्हायला हवा या वेळापत्रकाचा. होतो फोटोचा.

फोटोतल्या या कामाला बालायाज म्हणतात. ही पद्धत १९७०च्या दशकात पॅरिसच्या सलूनमधून रूढ झाली. उजळवणारं मिश्रण ब्रशने, हाताच्या अंदाजाने केसांवर ओढायचं. मुळांशी जवळजवळ काही नाही, मध्ये हलकं, टोकांना भरपूर. मुळाशी सरळ रेघ पडत नाही, म्हणून केस वाढले तरी जोड दिसत नाही. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. सगळं डोकं एकाच रंगात रंगवणाऱ्या 'ग्लोबल'वालीला चार ते सहा आठवड्यांत टचअपची आठवण येते, आणि बालायाजवाली चार-सहा महिने निवांत असते. इथवर जाहिरात खरी. पुढचा मजकूर बारीक अक्षरात असतो.

आमच्याकडे केसांचा गडदपणा १ ते १० अशा लेव्हलमध्ये मोजतात. १ म्हणजे काळाकुट्ट, १० म्हणजे अगदी फिकट पिवळा. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये बसतात. "माझे नॅचरली ब्राऊन आहेत हं" म्हणणारीला उन्हात उभी केली तर ३, फार दया आली तर ४. हा केस उजळायला लागला की ४ला लाल दिसतो, ५ला लाल-केशरी, ६ला केशरी, ७ला केशरी-पिवळा, ८ला पिवळा, आणि मग फिकट पिवळा. ही सगळी स्टेशनं घ्यावीच लागतात, केसांना फास्ट लोकल नाही. फोटोतली राखाडी-सोनेरी छटा ९च्या आसपास असते. म्हणजे काळ्या केसांना सहा-सात लेव्हल चढायच्या, बहुधा दोन-तीन बैठकांत, आणि तिथे पोहोचेपर्यंत टोकांचा दम निघालेला असतो.

चढून झालं की टोनर लावतात. उरलेला पिवळेपणा जांभळ्याने मारायचा आणि केशरीपणा निळ्याने, म्हणजे हवी ती छटा दिसते. टोनर पाच ते वीस मिनिटांत बसतो आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत धुऊन जातो. रोज डोक्यावरून पाणी घेणाऱ्यांचा त्याच्याही आधी. सगळी मेख इथे आहे. रंग बसला तेव्हा कसा दिसतो, यापेक्षा तो उतरल्यावर खाली काय निघतं ते विचारा. राखाडी रंग उतरला की खालून पिवळं नाहीतर केशरी डोकं वर काढतं, आणि बाई दर दीड महिन्याला पुन्हा खुर्चीत. कॅरमेल उतरला की थोडा अधिक सोनेरी कॅरमेल उरतो. चेस्टनट उतरला की उबदार तपकिरी उरतो. वेळ नसलेल्या बाईने आपल्या मूळ रंगापासून फार तर चार लेव्हलच्या आत, ५ ते ७च्या दरम्यान राहावं आणि उबदार छटा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅरमेल, मोका, टॉफी, हेझलनट, हनी. नावं ऐकून भूक लागते, पण देखभाल बेताची. 'अ‍ॅश', 'सिल्व्हर', 'मशरूम' ही नावं ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही पडून आहेत त्यांच्यासाठी ठेवावीत.

मग दुसरा प्रश्न: केस रोज बांधता कसे? इथे बहुतेकजणी केस मोकळे सोडून दाखवतात. प्रत्यक्षात ते केस वर्षातले तीनशे दिवस क्लचरमध्ये असतात. मागचं सुंदर काम मग आत गुंडाळलेलं राहतं आणि बाहेर दिसतो काळा अंबाडा. पैसे गेले, दिसलं काहीच नाही. म्हणून रंगवायच्या आधी नेहमीचा क्लचर लावून, नेहमीचा भांग पाडून दाखवावा. सतत बांधणाऱ्यांसाठी चेहऱ्याजवळच्या दोन बटा थोड्या जास्त उजळ कराव्यात, आणि मानेवरच्या केसांत काम फार वर नेऊ नये, नाहीतर पोनी घातली की मागून पट्टे दिसतात. उजळपणा गालाच्या हाडापासून किंवा त्याखाली सुरू व्हावा. चार महिन्यांत तो पाचेक सेंटिमीटर उतरून हनुवटीशी येतो आणि तरीही मुद्दाम केल्यासारखाच दिसतो. मुळापासून सुरू केला तर तेच पाच सेंटिमीटर काळी पट्टी होऊन डोक्यावर बसतात.

आता चौकशी. "केसांना आधी काही लावलंय?" "छे, काहीच नाही." "मेंदी?" "मेंदी काय, ती तर लावतेच!" मेंदीची गणना 'काही'मध्ये होत नाही, हा या व्यवसायातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे. मेंदीचा रंग केसातल्या केराटिनला घट्ट धरून बसतो. वरून उजळवणारं मिश्रण लावलं की काळा रंग हलतो, मेंदी हलत नाही, आणि केस केशरीवर अडकतात. मेंदीवर नीळ-पानांची पूड लावून काळे केलेले केस उजळवले तर हिरवट झाक येऊ शकते. आणि 'काळी मेंदी' म्हणून पाकिटात मिळतं त्यात बऱ्याचदा मेंदीपेक्षा पीपीडी हे रंगाचं रसायनच अधिक कामाला असतं. काहींत धातूंचे क्षारही सापडतात. त्यांची उजळवणाऱ्या मिश्रणातल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस गरम होतो, वास सुटतो, बट हातात येते.

यावर उपाय साधा आहे, पण घाईच्या बाईला आणि घाईच्या सलूनला दोघांनाही नकोसा वाटतो. काचेच्या वाटीत ३० मिलि ६ टक्क्यांचं डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं द्रावण, त्यात २० थेंब अमोनिया, आणि मागून कापलेले वीसेक केस अर्धा तास बुडवून ठेवायचे. केस तापले, द्रावण उकळल्यासारखं बुडबुडलं किंवा केस पटकन वेडेवाकडे रंग दाखवू लागले, तर त्या दिवशी फक्त चहा पिऊन परत जायचं. हे सलूनमध्येच करायचं काम आहे, स्वयंपाकघरात नव्हे. 'मेंदी सोडून दोन वर्षं झाली' हेही पुरत नाही. केस वर्षाला पंधराएक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा पाठीपर्यंतच्या केसांच्या टोकाला तीन वर्षांपूर्वीची मेंदीही टिकून असते. हिशेब कंगव्याने करावा, आठवणीने नको. रंगाची अ‍ॅलर्जी बघायला ४८ तास आधी कानामागे ठिपका लावून घ्यावा, तो वेगळाच.

प्रत्यक्ष कामाबद्दल एक गोष्ट ग्राहकाला माहीत असलेली बरी. अस्सल बालायाजमध्ये फॉइल नसतं, मिश्रण उघड्या हवेत असतं. ते वाळलं की काम थांबतं. युरोपातल्या फिक्या केसांना तेवढं पुरतं. काळ्या केसांवर ते दोन-तीन लेव्हल चढून लाल-केशरीवर दम टाकतं. म्हणून आपल्याकडे ब्रशने रंगवलेली बट बहुधा फॉइलमध्ये बंद करतात. त्याला फॉइलयाज म्हणतात. डोक्यावर फॉइल बघून "मी तर बालायाज सांगितलं होतं" असं भांडू नये, तुमच्याच भल्याचं चाललंय. भांडायचं असेल तर डेव्हलपरवरून भांडा. १२ टक्क्यांचं, म्हणजे ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर घेऊन वीस मिनिटांत उरकणाऱ्यापेक्षा फॉइलमध्ये ६ टक्क्यांवर पाऊण तास थांबणारा आणि दर पाच-दहा मिनिटांनी बट पुसून बघणारा माणूस बरा. एकूण बैठक तीन ते पाच तासांची होते. चार्जर आणि खायला काहीतरी बरोबर असावं. रिबाँडिंग केलेले, म्हणजे रसायनाने सरळ केलेले केस असतील तर आधीच सांगा. त्यावर ब्लीच म्हणजे तुटण्याचं आमंत्रण. केस गुळगुळीत करणारी केराटिन ट्रीटमेंट करायची असेल तर ती रंगाच्या आधी करून निदान दोन आठवडे थांबावं. नंतर केलं तर त्या २०० अंशांच्या पुढच्या इस्त्रीने ताज्या टोनरचा रंग बदलतो आणि दोन्हीकडचे पैसे एकमेकांना खातात.

पांढऱ्या केसांची मात्र गंमत वेगळी. बालायाज पांढरे केस झाकत नाही, कारण ते मुळाला हातच लावत नाही. भांगात दहा-बारा रुपेरी केस असतील तर फिक्या बारीक बटांत ते मिसळून जातात आणि कुणालाच कळत नाही. निम्मं डोकं पांढरं असेल तर मुळांना वेगळा रंग लागणार, आणि तो महिन्या-सव्वा महिन्याने लागतच राहणार. अशा वेळी 'सहा महिने निवांत' म्हणणारा सलूनवाला एकतर नवा आहे किंवा फारच जुना.

खर्च केसांच्या लांबीवर आणि शहरावर. पुण्या-मुंबईत बऱ्या ठिकाणी सहा-सात हजारांपासून सुरू होऊन वीस हजारांच्या पुढे जातो. ठरवताना टोनर, बाँड बिल्डर (ब्लीचमध्ये केस तुटू नयेत म्हणून घालतात ते) आणि शेवटचा ब्लो-ड्राय त्यात धरलाय का ते विचारावं, नाहीतर बिलाच्या तळाशी तिघेही भेटतात. आणि केस कापायचे असतील तर आधी कापा. रंग झाल्यावर 'आता थोडे शेप करा' म्हणणाऱ्या बाईच्या डोक्यावरून दोन-तीन हजार रुपये जमिनीवर पडतात, ते झाडूने गोळा होतात पण परत लावता येत नाहीत.

घरी करायचं ते थोडकं. पहिले ४८ तास डोकं धुवायचं नाही, मग आठवड्यातून दोनदा, सल्फेट नसलेल्या शाम्पूने, कोमट पाण्याने. केशरीपणा वाढला तर निळा शाम्पू, आठ-दहा दिवसांतून एकदा, तीन ते पाच मिनिटं. जाहिरात पाहून सगळ्या जांभळा आणतात. जांभळा पिवळ्यावर चालतो, केशरी त्याला दाद देत नाही. बाटली मग बाथरूमच्या कोपऱ्यात फरशी जांभळी करत बसते. सोसायटीत बोअर किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यातलं लोह रंग भगभगीत करतं. महिन्यातून एकदा क्षार काढणारा, म्हणजे चीलेटिंग शाम्पू घ्यावा. शॉवरला बसवायची ती गोंडस फिल्टरं क्लोरीन कमी करतात, पाण्याचा जडपणा घालवत नाहीत. स्ट्रेटनर १८० अंशांच्या आत.

तेलाबद्दल आजीची बाजू भक्कम आहे. खोबरेल केसांतून प्रथिनं निघून जाणं कमी करतं, हे २००३ साली मुंबईतल्याच संशोधकांनी छापून दाखवलं. ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते ही गोष्ट वेगळी, पण आजीलाही कुणी पगार देत नव्हतं. तेव्हा धुण्याआधी खोबरेल खुशाल लावा. रंगीत तेलं मात्र उजळलेल्या टोकांपासून लांब ठेवा. हिरवट आवळ्याचं, लालसर जास्वंदीचं, सगळीच डाग सोडतात. आणि पुण्यातल्या दुचाकीवाल्यांनी डोकंभर गुंडाळायचा तो स्कार्फ तर उन्हात रंग विटण्यावरचा फुकटातला इलाज आहे. त्याखाली बालायाज दिसत नाही, पण टिकतो. आजी मात्र स्कार्फ काढल्यावर विचारणारच, "केस लाल का पडलेत गं? तेल नाही ना लावत?" यावर आमच्याकडे टोनर नाही.

राहता राहिले सण. उजळलेला केस सच्छिद्र असतो, समोर येईल तो रंग पितो. रंगपंचमीला टोकांना आधी भरपूर खोबरेल थापून वेणी घालावी आणि वर टोपी. पोहायला जायचं असेल तर आधी साध्या पाण्याने केस भिजवून घ्यावेत, म्हणजे तलावाचं पाणी कमी शिरतं. घरातलं लग्न असेल तर आदल्या दिवशी धावत येऊ नका. ताजा टोनर जरा गडद असतो, दोन-तीन धुण्यांनंतर तो खरा खुलतो. दोन-तीन आठवडे आधी यावं. हळदीच्या दिवशी केस वर बांधून टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळायचे, कारण हळद उजळ बटांना इतकी पिवळी करते की टोनरही हात टेकतो. आणि मेंदी फक्त हातांना.