नव्या लॅपटॉपवर 'सगळं बंद कर' हा सल्ला पाळू नका

कॉलेजं सुरू झाली की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: "भावा, कंपनी नव्या लॅपटॉपमध्ये शे-दीडशे प्रोसेस चालू ठेवून तो मुद्दाम स्लो करते. टास्क मॅनेजर उघड आणि बॅकग्राउंडचं सगळं एंड टास्क कर. एमएसकॉन्फिगमध्ये सगळ्या सर्व्हिस डिसेबल कर, प्रोसेसर आणि मेमरी मॅक्सिममला लाव. कंपनीनं भरलेलं सगळं उडव. अपडेट कायमचं बंद कर. एखादा क्लीनर टाक. लॅपटॉप पळायला लागेल."

उसाचं बिल आल्यावर किंवा हप्ते बांधून घरच्यांनी लॅपटॉप घेऊन दिलेला असतो, आणि पहिल्याच आठवड्यात पोरं त्यावर हे सगळे प्रयोग करतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

आधी तो शे-दीडशेचा आकडा. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, सर्व्हिस म्हणजे विंडोजचं पडद्यामागं चालणारं काम, आणि हे सगळं दाखवणारं विंडोजचं साधन म्हणजे टास्क मॅनेजर. टास्क मॅनेजरच्या यादीत 'सर्व्हिस होस्ट' हे नाव पुन्हा पुन्हा दिसतं आणि माणूस घाबरतो. पूर्वी विंडोज अनेक सर्व्हिस एकाच प्रोसेसमध्ये कोंबायचं. २०१७च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिस वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात. एक कोलमडली तरी बाकीच्या शाबूत राहाव्यात, हा त्यामागचा हेतू. यादी लांबली म्हणजे ओझं वाढलं असं नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक करा आणि वर कोण येतं ते बघा. शंभर नावांपैकी बहुतेकांसमोर शून्य दिसेल. रॅमचंही तेच. रिकामी रॅम काही कामाची नसते, त्यामुळे विंडोज नेहमीची ॲप्स तिच्यात आधीच आणून ठेवतं आणि गरज पडली की जागा सोडतं. शिवाय पहिले काही दिवस अपडेट, फाइलींचं इंडेक्सिंग (शोधायला सोपं जावं म्हणून केलेली यादी), अँटिव्हायरसचं स्कॅन हे सगळं एकदम चालू असतं. तेवढ्यात मशीनला नावं ठेवू नका. लॅपटॉप चार्जरला लावून एक रात्र चालू ठेवा, मग मोजा.

एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज सुरू होताना काय चालू करायचं ते ठरवणारं साधन, त्याचा मुद्दा मात्र सरळसरळ घातक आहे. सर्व्हिसेसच्या पानावर खाली 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' अशी चौकट असते. तिच्यावर टिक न करता 'डिसेबल ऑल' दाबलं की रीस्टार्टनंतर वायफायची यादी गायब, आवाज बंद, प्रिंटर बंद, कधी लॉगिनचा पिनसुद्धा चालत नाही. आणि 'मॅक्सिमम'चा अर्थ तर पुरता उलटा घेतलाय. बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधले प्रोसेसर आणि मेमरीचे आकडे वेग वाढवत नाहीत, ते मर्यादा घालतात. काहीच लावलं नाही तर विंडोज प्रोसेसरचे सगळे कोअर (काम करणारे भाग) आणि सगळी रॅम आपसूक वापरतं. सायबर चौकाजवळ राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा सोळा जीबीचा लॅपटॉप माझ्यासमोर आला होता. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडली, तर 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड'समोर जवळपास बारा जीबी. मेमरीच्या चौकटीत कुणीतरी ४०९६ टाकून दिलं होतं. टिक काढली, रीस्टार्ट केलं, रॅम परत आली. तोवर तिच्या घरी नवी रॅम विकत घ्यायचं ठरत आलं होतं.

कंपनीनं भरलेलं सॉफ्टवेअर, इथं मेसेजचा राग रास्त आहे. लेनोव्होनं २०१४-१५मध्ये काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर घालून विकलं होतं. ते स्वतःचं प्रमाणपत्र बसवून बँकेच्या साइटसारखी सुरक्षित जोडणीसुद्धा मधेच उघडू शकायचं. पण म्हणून सगळंच उडवायचं नसतं. चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस, गेम्स, शॉपिंगची ॲप्स खुशाल काढा. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथून रीतसर काढा, फोल्डर डिलीट करून नव्हे. तो अँटिव्हायरस गेला की विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा होतो. मात्र रियलटेकचा ऑडिओ, इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स, टचपॅडचा ड्रायव्हर यांना हात लावू नका. कंपनीचं स्वतःचं मुख्य ॲपही राहू द्या. बऱ्याच लॅपटॉपात ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय त्यातच असते, आणि दिवसभर चार्जरला लावून काम करणाऱ्याच्या बॅटरीचं आयुष्य त्यानं वाढतं. ऑफिस दिसलं तर ते किमतीत आलेलं कायमचं आहे की महिन्याभराची चाचणी आहे, ते बिलावर तपासा. कायमचं असेल तर आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर ॲक्टिव्हेट करून घ्या.

अपडेट बंद करायचा सल्ला तर अजिबात नको. १२ मे २०१७ला 'वॉनाक्राय' हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. ज्या भगदाडातून तो शिरला, त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी घेतलं नव्हतं, त्यांच्या फायली अडकल्या. मोबाइलचा डेटा संपतो ही अडचण असेल, तर हॉटस्पॉटच्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' लावा. मोठी डाउनलोडं मग थांबतात, आणि घरच्या वायफायवर आल्यावर होतात.

क्लीनर, म्हणजे नको असलेल्या फायली साफ करणारं ॲप, त्याबद्दल थोडक्यात: २०१७मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध क्लीनरच्याच अधिकृत आवृत्तीत हॅकरांनी व्हायरस घुसवला होता आणि वीस लाखांहून जास्त लोकांनी ती घेतली होती. नको असलेल्या फायली काढायला विंडोजमध्येच 'स्टोरेज सेन्स' आहे, तेवढं पुरतं.

खरा फरक पडतो तो स्टार्टअप ॲप्समुळे, म्हणजे लॅपटॉप सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या ॲप्समुळे, आणि मेसेजात त्याचं नावही नाही. टास्क मॅनेजरमधल्या त्या यादीत 'हाय इम्पॅक्ट' लिहिलेली, पण रोज न लागणारी ॲप्स डिसेबल करा: मीटिंगचं ॲप, गेमचा लाँचर, म्युझिक. ती अनइन्स्टॉल होत नाहीत, फक्त आपण उघडल्याशिवाय सुरू होत नाहीत. चुकून काही बंद पडलंच, तर तिथूनच परत चालू करता येतं.

वनड्राइव्ह, म्हणजे फायली ऑनलाइन ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप, काढायचं असेल तर घाई करू नका. ते अनेकदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स स्वतःच्या फोल्डरात हलवून ठेवतं, आणि काही फायली फक्त ऑनलाइन असतात. आधी त्याच्या सेटिंगमधून बॅकअप थांबवा, सगळ्या फायली लॅपटॉपवर उतरल्या आहेत का ते उघडून बघा, आणि मगच ते काढा.