नसलेल्या चावीचा स्क्रीनशॉट

काल संध्याकाळपासून डोकं सटकलंय ते अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून लिहूनच टाकते. मागची कथा थोडक्यात. आमच्या पेमेंटच्या इंटिग्रेशन टेस्ट (आमचा कोड बाहेरच्या पेमेंट गेटवेशी नीट बोलतो का, हे तपासणाऱ्या) गेले कित्येक महिने हिरव्यागार, म्हणजे पास, होत्या, कारण कुणा पुण्यवंताने कोडात लिहून ठेवलं होतं की एपीआय की, म्हणजे गेटवेच्या सर्व्हरला आपली ओळख पटवणारी चावी, सापडली नाही तर टेस्ट स्किप कर. टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या लेखी स्किप म्हणजे फेल नाही, एक्झिट कोड शून्य (म्हणजे सगळं ठीक), पाइपलाइन हिरवी, मॅनेजर खूश. दिघा गाव स्टेशन आठवतंय ना? बांधून तयार, पण जानेवारी २०२४ मध्ये उद्घाटन होईपर्यंत ठाणे-वाशीच्या गाड्या समोरून सरळ निघून जायच्या. गाडी वेळेवर, मोटरमनची काही चूक नाही, फक्त दिघ्याला कोणी उतरत नव्हतं. आमच्या टेस्ट अगदी तश्शाच पळत होत्या.

रिलीजच्या आधी मी ते स्किप काढलं आणि सगळं लाल. ४०१, ४०१, ४०१. म्हणजे समोरचा सर्व्हर विचारतोय, तू कोण, ओळख दाखव. (४०३ आला असता तर निदान 'कोण आहेस ते कळलं, तरी आत येऊ नको' एवढा तरी मान मिळाला असता.) आणि आमच्याकडचा न्याय असा की ज्याने दिवा लावला, कचरा त्याच्याच नावावर. रोजच्या स्टँडअप मीटिंगला बोभाटा, हिने टेस्ट तोडल्या.

माझ्या लॅपटॉपवर सगळं पास होत होतं, कारण तिथे की ठेवलेली .एनव्ही फाईल आहे, आणि ती गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडात, जात नाही, जाऊही नये. सीआयवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, की सिक्रेट्समधून, म्हणजे तिथल्या तिजोरीतून, यायला हवी. आमचं सीआय म्हणजे गिटहब ॲक्शन्स, आणि त्याची एक खोड आहे, नसलेलं सिक्रेट मागितलंत तर ते ओरडत नाही, मुकाट्याने रिकामी स्ट्रिंग हातात ठेवतं. सिक्रेट असेल तर लॉगमध्ये त्याच्या जागी तीन चांदण्या दिसतात. माझ्या कीच्या ओळीत कोलनच्या पुढे कोरं करकरीत.

तर सिक्रेट्सचा कारभार बघणारे सर आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात दोन मजले खाली बसतात. मॉनिटरच्या कडेला लॅमिनेट केलेला कागद, 'नो तिकीट नो टॉक' (तिकीट म्हणजे कामासाठी सिस्टीममध्ये टाकायचा अर्ज). कीबोर्डच्या उजव्या हाताला चणे-शेंगदाण्यांची पुडी, आणि एकेक दाण्याचं साल काढून ते सालं एका जुन्या व्हिजिटिंग कार्डावर रचून ठेवत होते.

"तिकीट?"

"टाकलंय सर."

"ॲटॅचमेंट नाहीये. जे मिसिंग आहे त्याचा स्क्रीनशॉट लागतो."

"अहो सर, मिसिंग आहे म्हणजे ते नाहीये. नसलेल्याचा स्क्रीनशॉट कसा काढू?"

"सगळे काढतात मॅडम."

मी फोनवर लॉग दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाला लावला.

"हे बघा, वरच्या ओळीत डेटाबेसचा पासवर्ड, तीन चांदण्या. खाली आमची की. काहीच नाही."

"बरोबर आहे ना. सिक्रेट आहे, दिसेल कसं?"

"वरचं पण सिक्रेटच आहे की! त्याला चांदण्या आहेत."

"ते कमी सिक्रेट असेल. घ्या, शेंगदाणे घ्या."

मी घेतले. भूक लागली होती, काय करणार.

मग फारच उपकार केल्यासारखं त्यांनी सेटिंग्ज उघडलं आणि बोट ठेवलं. "ही काय, आहे की. आठ महिने आहे."

होती. पेमेंट_एपीआयकी.

"सर, एपीआय आणि की च्या मध्ये अंडरस्कोर नाहीये."

"एवढ्याशा रेघेने काय होतंय?"

"तेवढ्याच रेघेने होतंय सर. नाव बदला ना प्लीज."

"नाव बदलायची सोय नाही त्यात. नवीन बनवावी लागते. व्हॅल्यू द्या, लगेच बनवतो."

"व्हॅल्यू तुमच्याकडेच आहे ना, तुम्हीच टाकली आहे."

"माझ्याकडे कुठे? एकदा सेव्ह केली की मलाही दिसत नाही." इथे त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "सिक्युरिटी आहे मॅडम. कोणालाच दिसत नाही."

आणि चीड ह्याची की हे शंभर टक्के खरं आहे. सेव्ह केलेलं सिक्रेट परत वाचता येत नाही, तसंच असायला हवं. मग गेटवेच्या पोर्टलवरून नवीन की काढायची, तर त्या लॉगिनचा ओटीपी जातो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाईलवर. तो माणूस आता माझा फोन उचलत नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही उचलला नसता.

बरं, एवढी राखण कशाची, तर सँडबॉक्सच्या कीची. खोटं कार्ड, खोटे पैसे, उद्या चोराने नेली तरी त्याला वडापाव मिळणार नाही. आणि खरी, प्रॉडक्शनची की? ती मागच्या दिवाळीत रात्री सगळे अडकले होते तेव्हा कुणीतरी सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपात सोडून गेलेले लोक अजून आहेत, एकमेकांना गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात, आणि ती की अजून बदललेली नाही. मी दोनदा मेल टाकला. उत्तर आलं, 'नोटेड'. त्याला तिकीट लागलं नाही, स्क्रीनशॉट लागला नाही, कुणाचा चष्मा कपाळावर गेला नाही. ह्यावर मला खरंच हसू येत नाही.

असो. रात्री ठाण्याला उतरून, जिन्यावरच्या गर्दीत पर्स पोटाशी धरून घरी आले, जेवले, आणि लॅपटॉप उघडून वर्कफ्लोच्या फाईलमध्ये (सीआयने काय चालवायचं ते जिथे लिहिलेलं असतं) एक ओळ बदलली. सिक्रेटचं नाव तुमच्याकडे चुकीचं आहे ना, मग मी चुकीच्या नावानेच हाक मारते. आमच्या टेस्टना हवं ते नाव डावीकडे, ह्यांचं बिनरेघेचं उजवीकडे. माझ्या ब्रँचवर, म्हणजे कोडाच्या माझ्या वेगळ्या प्रतीवर, चालवलं. तीन चांदण्या आल्या! सगळ्या टेस्ट खरोखर धावून हिरव्या. फक्त त्या फाईलला हात लावला की अप्रूव्हल लागतं, आणि ते द्यायचा अधिकार दोन मजले खालच्या सरांना.

आज सकाळी रिक्वेस्ट परत आली. नामंजूर. खाली सरांची कमेंट, "स्पेलिंग मिस्टेक. एपीआय आणि की च्या मध्ये अंडरस्कोर हवा. करेक्ट करून परत पाठवणे."

त्याच्याखाली आमच्या मॅनेजरचा अंगठा आणि "गुड कॅच, सर."