'तीन इंजेक्शनं घ्या, ताप घालवा': त्या मेसेजला वॉर्डातल्या एका सिस्टरचं उत्तर

पावसाळा सुरू झाला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. घणसोली, कोपरखैरणे, वागळे इस्टेट, कळवा, सगळीकडे मजकूर साधारण तोच: "तापात गोळ्यांवर वेळ घालवू नका. गोळ्यांपेक्षा इंजेक्शन पॉवरफुल. सेफ्ट्रिॲक्सोन एक ग्रॅम, रोज एक, तीन दिवस. तीन दिवसांत ताप उतरतो. रिपोर्टची गरज नाही. मेडिकलमधून आणा आणि ओळखीच्या सिस्टरकडून घरीच सलाईनमधून लावून घ्या. आधी टेस्ट डोस घेतला की रिॲक्शनची भीती नाही. ताप नाही उतरला तर ॲमिकासिन जोडा. बरं वाटलं की बंद."

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात सिस्टर आहे. मेसेजमधली ती 'ओळखीची सिस्टर' म्हणून शेजारीपाजारी माझ्याकडेही येतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. कामावर सुट्टी मिळत नाही, तपासण्यांचे पैसे जड जातात आणि घरात कुणीतरी तापाने फणफणलेलं असतं. त्यांना दारातून नुसतं 'नाही' म्हणून परत पाठवणं मला पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला मुद्दा, गोळ्यांपेक्षा इंजेक्शन पॉवरफुल. इंजेक्शन हा औषध रक्तात पोचवायचा एक मार्ग आहे. पेशंटला सतत उलट्या होत असतील, शुद्ध हरपली असेल, बीपी खाली गेलं असेल, किंवा मेंदूच्या आवरणाला सूज असल्यामुळे तिथपर्यंत औषध भरपूर पोचायला हवं असेल, तर शिरेतून देण्याला पर्याय नसतो. पण पोट नीट चालत असेल तर लेव्होफ्लॉक्सासिन किंवा लिनेझोलिडसारखी गोळी जवळजवळ पूर्ण रक्तात उतरते. २०१९ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडांच्या आणि सांध्यांच्या जंतुसंसर्गाचे हजारावर रुग्ण त्यात होते. काहींना सहा आठवडे शिरेतून औषध दिलं, काहींना पहिल्या आठवड्यातच तोंडावाटे सुरू केलं. एका वर्षाने पाहिलं तेव्हा गोळ्यांचा गट मागे पडलेला नव्हता. हाडातला जंतुसंसर्ग म्हणजे आम्हाला सगळ्यात चिवट वाटणारं दुखणं, हे लक्षात घ्या.

आणि जंतू कोणता आहे हे तर मेसेजमध्ये कुठेच नाही. सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक जीवाणूच्या भिंतीवर काम करतं. डेंग्यू, फ्लू हे विषाणूंचे आजार आणि मलेरियाचा परजीवी वेगळाच, त्यामुळे तिथे त्याचा काही उपयोग नाही. जीवाणूंमध्येही सगळे त्याला दबत नाहीत. एमआरएसए, स्यूडोमोनास, एन्टेरोकोकस त्याला जुमानत नाहीत. स्क्रब टायफसमध्ये हे इंजेक्शन निकामी ठरतं आणि डॉक्सिसायक्लिनची साधी कॅप्सूल काम करते. साचलेल्या पाण्यातून चालत गेल्यावर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जीवाणूजन्य तापाची) भीती असते, तेव्हाही डॉक्टर प्रतिबंधासाठी हीच कॅप्सूल लिहून देतात.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो: "तीन दिवसांत ताप उतरतो." उतरतो, खरं आहे. बहुतेक व्हायरल ताप तीन ते पाच दिवसांत आपोआपच उतरतात. लोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजेक्शन सुरू करतात आणि श्रेय सुईला जातं. शिवाय त्याच वेळी पॅरासिटामॉल दिलेलं असतं, कुठे कुठे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही टोचलेलं असतं. संध्याकाळी घाम येऊन अंग थंड पडतं ते त्यांच्यामुळे.

डेंग्यूमध्ये मात्र याच समजुतीने घात होतो. डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात खाली येतो आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपायला लागतं, रक्त घट्ट होतं, बीपी घसरतं. घरचे म्हणत असतात, तिसरं इंजेक्शन लागू पडलं, ताप गेला. आणि पेशंटच्या पोटात दुखत असतं, उलट्या थांबत नसतात, तो गळून गेलेला असतो. "ताप नाही, फक्त अशक्तपणा आहे" हे वाक्य दाखल करून घेताना मी फार वेळा ऐकलं आहे. त्यात प्लेटलेट कमी असताना कमरेत सुई टोचली तर स्नायूत रक्त साकळतं. म्हणून डेंग्यूची शंका असताना स्नायूतली इंजेक्शनं आणि डायक्लोफेनॅक दोन्ही टाळतात.

"रिपोर्टची गरज नाही." टायफॉइडमध्ये सेफ्ट्रिॲक्सोन खरोखर वापरतात. पण योग्य औषध मिळूनही टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी त्याहून जास्त लागतात, आणि शिरेतला कोर्स बहुधा १० ते १४ दिवसांचा असतो. तीन इंजेक्शनांत जंतू अर्धवट दबतो. मग पेशंट आठवड्याने आमच्याकडे येतो आणि आम्ही ब्लड कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी) पाठवतो, तर बाटलीत काहीच उगवत नाही, कारण अँटिबायोटिक आधीच पोटात किंवा शिरेत गेलेलं असतं. जंतू कोणता आणि कशाला दबतो हे सांगणारा एकमेव धागा हातातून गेलेला असतो. टायफॉइडसाठी सर्रास करतात ती वायडल ही रक्तचाचणी कल्चरची जागा घेत नाही. ती जुन्या संसर्गानेही पॉझिटिव्ह येते आणि पहिल्या आठवड्यात निगेटिव्हही येऊ शकते. म्हणून वॉर्डात शक्य तिथे आधी कल्चरसाठी रक्त आणि मग पहिला डोस, असा क्रम आम्ही पाळतो.

आता "घरीच सलाईनमधून." इथे माझं रोजचं काम येतं, म्हणून जरा थांबून सांगते. शिरेतून द्यायचं असेल तर एक ग्रॅमची व्हायल १० मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवायची, ती दोन ते चार मिनिटांत सावकाश द्यायची किंवा योग्य सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या तासात. कमरेत द्यायचं तर दुखू नये म्हणून लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात विरघळवतात. लिग्नोकेनमध्ये विरघळवलेलं तेच औषध चुकूनही शिरेत जाता कामा नये, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आणि सलाईन म्हणजे कोणतं? अशक्तपणासाठी सर्रास लावतात ती आरएलची बाटली, म्हणजे रिंगर लॅक्टेट. तिच्यात कॅल्शियम असतं. सेफ्ट्रिॲक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की बारीक खडे तयार होतात. नवजात बाळांमध्ये असे खडे फुप्फुसात आणि मूत्रपिंडात सापडले, बाळं दगावली, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियम असलेलं सलाईन चालू असेल किंवा लागणार असेल, तर हे औषध वर्ज्य आहे. कावीळ असलेल्या नवजात बाळालाही ते देत नाहीत, कारण ते बिलिरुबिनला (काविळीतल्या पिवळ्या द्रव्याला) रक्तातल्या प्रथिनावरून हुसकावून लावतं. मोठ्यांमध्ये एकानंतर एक द्यायचंच झालं तर मधे नळी नीट धुऊन घ्यावी लागते, दोन्ही एकत्र मिसळून कधीच नाही. मेसेजमध्ये 'सलाईन' एवढा एकच शब्द आहे आणि मेडिकलवाला देईल ती बाटली लोक घरी घेऊन येतात.

"टेस्ट डोस घेतला की भीती नाही." कातडीत थोडंसं औषध टोचून फोड येतो का पाहायचं, ही पद्धत आपल्याकडे रुळली आहे आणि कित्येक चिठ्ठ्यांवर तसं लिहिलेलंही असतं. पण सेफ्ट्रिॲक्सोनसाठी अशी प्रमाणित चाचणी नाही. कातडी शांत राहूनही पूर्ण डोसनंतर तीव्र रिॲक्शन येऊ शकते आणि क्वचित त्या थेंबभर औषधानेही येते. टेस्ट डोसपेक्षा पेशंटला विचारलेला प्रश्न जास्त कामाचा: आधी कुठल्या औषधाने अंगावर गांधी आल्या, ओठ सुजले, धाप लागली? पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

आणि रिॲक्शन आलीच तर? घसा आवळतो, श्वासाची घरघर सुरू होते, बीपी कोसळतं, सगळं काही मिनिटांत. तेव्हा ॲड्रिनॅलिन लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलीग्रॅम. एविल हे ॲलर्जीवरचं औषध आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. वॉर्डात ॲड्रिनॅलिन, ऑक्सिजन आणि हाक मारली की धावत येणारा डॉक्टर जवळ असतो. पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यातलं काही नसतं. शेजाऱ्यांना मी नकार देते तो यासाठी, हाताला सवय आहे की नाही हा प्रश्नच नाही.

"ॲमिकासिन जोडा." कृपा करून जोडू नका. हे दुसरं अँटिबायोटिक वजनावर मोजून देतात आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून डोस ठरवतात, बदलतात. मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. कानावर परिणाम झाला तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, सुरुवात कधी नुसत्या कानातल्या आवाजाने होते. साठीपुढचा मधुमेही, तापामुळे पाणी कमी प्यायलेला, अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेतलेला, अशा माणसाला घरात ॲमिकासिन टोचणं म्हणजे त्याची किडनी पणाला लावणं आहे. आणि मेसेज अशाच घरांमध्ये सगळ्यात जास्त फिरतो.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळतं, याबद्दल एवढंच: सेफ्ट्रिॲक्सोन शेड्यूल एच-१ मध्ये आहे. मार्च २०१४ पासून या यादीतली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची आणि विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची, असा नियम आहे.

"बरं वाटलं की बंद" यात अर्धं खरं आहे. सगळ्याच आजारांना लांबलचक कोर्स लागतो असं आता कोणी मानत नाही. सुधारणा होत असेल तर साध्या न्यूमोनियात पाच दिवस बऱ्याचदा पुरतात. पण रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू सापडला तर किमान १४ दिवस. आकडा आजारानुसार ठरतो. दोन-तीन दिवसांनी ताप उतरला, बीपी स्थिर आहे, पेशंट जेवतो आहे, असं दिसलं की डॉक्टर स्वतःहून शिरेतलं औषध थांबवून गोळी सुरू करतात. तेव्हा नातेवाईक घाबरतात, औषध कमी केलं म्हणून भांडतात. ते औषध कमी करणं नसतं. हातातली कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) जितकी लवकर निघते तितका शीर सुजण्याचा आणि तिथून नवा जंतू आत शिरण्याचा धोका कमी होतो.

घरी इंजेक्शन देणं मुळातच चूक आहे, असंही मी म्हणत नाही. निदान झालेलं, पहिले डोस रुग्णालयात सोसलेले, डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि मधल्या तपासण्या ठरलेल्या असतील, तर उरलेला कोर्स डे-केअरमध्ये किंवा घरी येणाऱ्या प्रशिक्षित सिस्टरकडून पूर्ण करता येतो. सेफ्ट्रिॲक्सोन दिवसातून एकदा देता येतं, म्हणून त्यासाठी ते सोयीचंही आहे.

खऱ्या गंभीर संसर्गात मात्र घरातली तीन इंजेक्शनं फार अपुरी आहेत. जंतुसंसर्गाने बीपी कोसळलेल्या पेशंटला पहिला डोस तासाभरात मिळायला हवा, त्याबरोबर शिरेतून पाणी, ऑक्सिजन, लघवीची मोजणी. मेंदूज्वरात डोसच वेगळा असतो, दर १२ तासांनी दोन ग्रॅम. तापाबरोबर माणूस असंबद्ध बोलू लागला, श्वास जोरात चालला, हातपाय गार पडले, लघवी खूप कमी झाली, मान आखडली, अंगावर जांभळे डाग उठले, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, यातलं एक जरी दिसलं तर मेडिकल शोधत फिरू नका, माझ्या दारावरची बेलही वाजवू नका. १०८ ला फोन करा, आणि आतापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, व्हायल आणि चिठ्ठ्या सोबत घ्या.