पावती हीच परवानगी

वडिलांनी गिरणीतून सुटताना मिळालेल्या पैशातून अक्कलकोट रोडच्या आतल्या बाजूला एक गुंठा घेऊन ठेवला होता. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचे भाव ऐकून आमची ही एरवी कधी होत नाही इतकी गप्प झाली, तेव्हा तो गुंठा आठवला. जागा आपली, मग फक्त विटा-सिमेंटचाच खर्च, असा माझा हिशेब.

शिवाय मी नियम वाचून ठेवले होते. २०२० च्या डिसेंबरात राज्याने एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आणली. तिच्यात म्हटलंय की दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर लहान घर बांधायला वेगळी परवानगी नको. नकाशा द्या, फी भरा, ती पावती हीच परवानगी. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१ चौरस मीटर. मी दीडशेच्या आत मांडी घालून बसत होतो.

महापालिकेत खिडकीपलीकडच्या साहेबांना हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं.

"वाचून आलाव वाटतं," ते म्हणाले. "मंजूर ले-आऊट आणलाव काय?"

"ले-आऊट नाही, पण जागेवर फक्की मारलेली होती."

"एनए, म्हणजे बिगरशेतीचा कागद?"

"सात-बारा आहे."

त्यांनी सात-बारा उलटसुलट पाहिला. वडिलांनी घेतला तेव्हा गुंठ्याची खरेदी होत नव्हती, जमिनीचे छोटे तुकडे विकायला मनाई करणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा यायचा. म्हणून त्या काळी एजंटनं वीसजणांना मिळून वीस गुंठ्यांचे सामाईक मालक केलं होतं. वडिलांचं नाव दोन अनोळखी कुटुंबांच्या मधे चेंगरून उभं होतं. "मालक, यातला तुमचा गुंठा कुठला?" या प्रश्नाला मी बोटानं पूर्व दिशा दाखवली. पीकपाहणीत ज्वारी लागली होती. तिथं ज्वारी उगवून जमाना झाला. आता उगवतात ती पत्र्याची शेडं. पण कागदावर रान ते रान. "रानात बंगला कसा बांधताव?"

तर गोम अशी आहे. सवलत आहे, खरी आहे, पण ती ज्याचे कागद आधीच सरळ आहेत त्याच्यासाठी. आणि सरळ कागदाचा प्लॉट परवडत असता, तर मी सवलत शोधत कशाला फिरलो असतो?

"गुंठेवारी करून घ्या की," साहेबांनी मार्ग दाखवला. गुंठेवारी म्हणजे मंजुरीविना पाडलेले छोटे प्लॉट; पैसे भरून ते कायदेशीर करून घ्यायचे. हा २००१ चा कायदा, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू केलेला. त्यासाठी मोजणी हवी. मोजणीला सगळे सहहिस्सेदार हवेत. त्यातले काही पुण्याला गेले, काही वारले, आणि एकाच्या दोन वारसांत माझ्याच पूर्व दिशेवरून कोर्टकज्जा चालू आहे. मग विकास शुल्क. मग रस्त्यासाठी सोडायची जागा. इंजिनिअरनं पुढचं अंतर, बाजूचं अंतर सोडून जे रेखाटन दिलं, त्यात जिना बसवला की स्वयंपाकघर बाहेर पडत होतं.

कुंभारीला कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर उभं राहतंय. त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या २०२४ च्या जानेवारीत दिल्या गेल्या. त्यामागं वर्षानुवर्षांचे मोर्चे आहेत, मान्य. पण तीस हजार घरांचं एकगठ्ठा जमतं आणि माझ्या एकाचं अडतं. म्हणजे सोबत आणखी एकोणतीस हजार नऊशे नव्व्याण्णव माणसं न्यायला हवी होती.

शेजारच्या गुंठेवाल्यानं कुणालाच काही विचारलं नाही. रातोरात पाया, पावसाआधी स्लॅब, दिवाळीला वरचा मजला. त्याला वीज आहे, नळ आहे (म्हणजे इतर सोलापूरसारखाच, काही दिवसांआड येणारा), घरपट्टीचं बिल तर न चुकता येतं. "सर, आधी बांधायचं, मग विचारायचं," तो मला प्रेमानं समजावतो. २०२५ मध्ये तुकडेबंदी सैल करायची घोषणा झाली तेव्हा पेढेही त्यानंच वाटले.

सध्या आम्ही त्याच्याच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. गेल्या महिन्यात त्यानं भाडं वाढवलं. कारण विचारलं तर म्हणाला, "गुंठेवारीचे पैसे भरायचेत ना सर, ते कुठून काढू?"