हर्ब डीन आणि लॉलरची ती फाइट : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की यूएफसी २३५ (एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या फाइट्सचा कार्यक्रम) वरच्या पोस्टमध्ये मी रेफरी हर्ब डीनला उगाच पाठीशी घातलं, बेन आस्क्रनशी लढणारा रॉबी लॉलर पूर्ण शुद्धीत होता, तरी डीनने तो बेशुद्ध समजून फाइट थांबवली आणि त्याच्या हातची फाइट काढून घेतली, आणि रेफरींच्या चुकांवर पांघरूण घालणारे माझ्यासारखे लोक आहेत म्हणूनच काही सुधारत नाही.

लॉलरबद्दल तुमचं बरोबर आहे, तो लगेच उठून भांडायला लागला म्हणजे बेशुद्ध नव्हताच. पण तो उठला हे कळलं फाइट थांबल्यावर, त्याआधी डीनसमोर काय होतं तर बेन आस्क्रनचा बुलडॉग चोक (डोकं काखेत धरून गळा आवळायचा डाव) आणि लॉलरचा सैल पडलेला हात. चोकमध्ये शुद्ध गेलेला माणूस टॅप करू (हाताने थोपटून हार मानू) शकत नाही हो, त्याच्या वतीने कुणीतरी थांबवावंच लागतं आणि तेही सेकंदा-दोन सेकंदात. कुस्तीत खांदे टेकले की नाही हे निदान व्हिडिओ बघून परत ठरवता येतं, इथे लवकर थांबवलं तर रेकॉर्डवर एक हार लागते आणि उशीर झाला तर माणसाच्या मेंदूवर जातं, म्हणून लवकरची चूक मी समजून घेतो आणि घेत राहणार.

मला खुपतं ते वेगळंच. त्याच फाइटमध्ये सुरुवातीला लॉलरने आस्क्रनला उचलून आपटलं, वरून ठोशांवर ठोसे घातले, तेव्हा डीनने थांबवलं असतं तरी फार कुणी बोललं नसतं. तिथे एवढी ढील आणि ३ मिनिटं २० सेकंदांना चोकच्या वेळी एवढी घाई, एकाच राउंडमध्ये माप बदललं. यावर टीका केलीत तर मी तुमच्या बाजूने आहे.

आता फाउल. इथे मी अजिबात पाठीशी घालत नाही, कारण फाउल झाला की घड्याळ थांबतं, डॉक्टर येतो, विचाराला वेळ असतो. त्याच रात्री जॉन जोन्सने खाली असलेल्या अँथनी स्मिथला गुडघा मारला तेव्हा डीनने सरळ २ पॉइंट कापले, शाब्बास! (स्मिथ तेव्हा "जमणार नाही" म्हणाला असता तर जोन्स बाद ठरून तो बहुतेक टायटल घेऊन घरी गेला असता, तरी उठून लढला, याबद्दल मला त्याचा कायम आदर आहे.) आणि हाच डीन १३ मार्च २०२१ ला बघा. लिऑन एडवर्ड्सने पहिल्या राउंडमध्ये बेलाल मुहम्मदच्या डोळ्यात बोट घातलं, डीनने नुसती वॉर्निंग दिली, आणि दुसऱ्या राउंडच्या १८ व्या सेकंदाला परत तेच! बेलाल वेदनेने रडत होता आणि निकाल काय, तर नो कॉन्टेस्ट, म्हणजे ना कुणाची जीत ना हार. बोटं पसरून प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याकडे नेणं हाच नियमात फाउल आहे, लागायचीसुद्धा गरज नाही, मग पहिल्याच वेळी पॉइंट का कापत नाहीत? २०२५ मध्ये अबू धाबीत टॉम ॲस्पिनॉल आणि सिरिल गान यांची टायटल फाइट पहिल्याच राउंडमध्ये अशीच डोळ्यावरून संपली, रेफरी दुसरा होता पण दुखणं तेच.

राहिलं तुम्ही दाखवलेलं वाक्य. "लॉलरची शुद्ध हरपली होती" असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं आहे. आता तिथे "डीनला तसं वाटलं" असं केलंय.