‘रजिस्ट्रेशन जाणार’ हा मेसेज आपल्याकडचा नाही

पुण्यातल्या डॉक्टर-नर्सच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय: ‘व्यसनमुक्तीला नाव नोंदवलं की समिती वर्षाला 104 चाचण्या घेणार, रजिस्ट्रेशन रद्द करणार.’ ओळखीतल्या एकीने तर घाबरून उपचारांची ठरलेली वेळच रद्द केली.

104 हा आकडा खरा आहे, पण कॅलिफोर्नियातला. तिथे 2008 च्या कायद्याने नेमलेल्या समितीने व्यसनात अडकलेल्या परवानाधारक आरोग्य व्यावसायिकांसाठी 16 समान निकष ठरवले. पहिल्या वर्षी दारू-ड्रग्जच्या अचानक चाचण्या 52 ते 104. आज आपला नंबर आहे का, हे रोज विचारायचं. (आपल्याला मस्टरवर रोज सही करायचीही जिवावर येते!) समितीचं काम निकष ठरवण्याचं. परवान्याचा निर्णय तिथेही त्या त्या बोर्डाचा.

इथे डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. त्या समितीचा यांच्याशी काडीचा संबंध नाही. उलट मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही येते, आणि माहिती गोपनीय राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं तरी बघायचं होतं.

तिने शुक्रवारची वेळ पुन्हा घेतली आहे.